कार्ड मागितलं की उठायचं

वामनराव चिंचमलातपुरे. माझ्यावर ज्यांचे सगळ्यात जास्त उपकार आहेत, त्या माणसाचं हे नाव. मी ते मुद्दाम पूर्ण लिहितो, कारण आजवर एकाही ऑनलाइन फॉर्मने त्यांना ते पूर्ण लिहू दिलेलं नाही. चौकोन संपतात आणि आडनाव उरतं. एका ठिकाणी ते 'चिंचमलात' आहेत, दुसरीकडे 'चिंचमल', आणि नागपूरच्या एका ट्रॅव्हल्सच्या तिकिटावर तर नुसतेच 'चिंच' होते. ते तिकीट त्यांनी कंडक्टरच्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, "बताइए भैया, ये सवारी का नाम है या चटनी का?"

उपकार एवढे असूनही मी त्यांच्यावर बहुतेक वेळा चिडलेलाच असतो. हे लिहायला बसलो तोही चिडूनच.

काकांची, म्हणजे या वामनरावांची, एक सवय सांगतो, म्हणजे माझं चिडणं कळेल. संगणकावर काम चाललेलं असताना पडद्यावर कार्डाचा नंबर मागणारा चौकोन आला, की काका उठतात. अक्षरशः उठतात. खुर्ची मागे सरकवतात, चष्मा काढून खिशात ठेवतात, संगणकाकडे पाठ करतात आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहतात. अपमान झाल्यासारखे. दुसऱ्याच्या घरी असले तरी. जबलपूरच्या सदर भागातल्या त्यांच्या डॉक्टरांनी एकदा त्यांना तब्येतीची नोंद ठेवणारं कुठलंसं ॲप दाखवायला घेतलं. पहिला महिना मोफत. काका खुशीत पाहत होते. तेवढ्यात कार्डाचा चौकोन आला आणि काका उठले. दंडाला रक्तदाबाचा पट्टा तसाच.

"अंकल, बैठिए तो!" डॉक्टर ओरडले.

"बैठ गया तो फँस गया, डॉक्टर साहब."

घरी येईपर्यंत ते मला ऐकवत होते. "पहिला महिना फुकट म्हणते, अन् कार्ड मागते. फुकट आहे तर कार्ड काहून? मी तुला चहाला बोलावलं अन् दारातच तुझी चप्पल काढून कपाटात कुलूपबंद केली तर तू चहा पिशील का? कार्ड मागितलं की उठायचं. लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवलं. न ठेवून जातो कुठे!

मी जबलपूरजवळच्या सिहोऱ्याचा. माझे वडील तिथल्या धान्याच्या मंडीत काट्यावर पोती तोलतात. घरात आम्ही मराठी बोलतो, कारण आजोबा विदर्भातून आले, शाळेत हिंदी, आणि इंग्रजी फक्त मार्कशीटवर. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला. जबलपूरला बी.कॉम. करायला आलो तेव्हा सदरजवळ काकांच्या घराची मागची खोली भाड्याने मिळाली. काका संरक्षण खात्याच्या एका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. काकू काही वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा निखिल कॅनडात. घरात काका, एक जुना संगणक आणि जगातली सगळी फुकटची सॉफ्टवेअरं.

पदवी मिळाल्यावर जिथे जावं तिथे एकच प्रश्न विचारायचे, "कंप्यूटर आता है?" म्हणून मी एका इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलं, वडिलांनी पाठवलेली फी भरली, आणि सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट घेऊन मोठ्या अभिमानाने काकांना दाखवायला गेलो.

"वा! काय शिकवलं यात?"

"कंप्यूटरचे भाग, काका. मॉनिटर, माउस, की-बोर्ड..."

"अन् काम?"

"काम पुढच्या कोर्समध्ये आहे."

काकांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे सायकल शिकवतो म्हणून पैसे घेतले, अन् घंटी कुठे असते ते दाखवून घरी पाठवलं! अन् तू ते घंटीचं सर्टिफिकेट घेऊन फिरून राहिला! बस इथे."

मी बसलो. काका सकाळी शिकवत, दुपारी शिकवत आणि जेवताना बोलून दाखवत. पत्र कसं लिहायचं, तक्त्यात बेरीज कशी लावायची, मोठी फाइल लहान कशी करायची. नोकरीच्या फॉर्मला लागणारा फोटो फार मोठाही चालत नाही आणि फार लहानही चालत नाही. त्या फोटोपायी मी सायबर कॅफेत रडकुंडीला आलो होतो. काकांनी एका मोफत साइटवर तो चहा गाळावा तसा गाळून दिला. मराठी टाइप करायला एक मोफत की-बोर्ड बसवून दिला आणि म्हणाले, "लिही."

"काका, मला लिहिता येत नाही मराठीत. शाळा हिंदीची आहे ना माझी."

"बोलता येते ना? मग आईशी बोलतो तसं लिही. चुकलं तर मी आहे खोडायला."

ते खोडत. प्रत्येक ओळ खोडत. आज हे जे धड लिहिता येतंय ते त्यांच्या खोडण्यामुळे. ई-मेलचेही त्यांचे कायदे होते. विषयाची जागा रिकामी ठेवायची नाही. कामाचं पहिल्या ओळीत. 'आशा आहे की आपण कुशल असाल' हे लिहायचं नाही. "आशा असली तर फोन करून विचार ना! मेल कामासाठी आहे."

फुकट म्हटलं म्हणून काका काहीही घेतील असं मात्र कुणी समजू नये. मी सेकंडहँड लॅपटॉप आणला तेव्हा दुकानदाराने त्यात सगळी महागडी सॉफ्टवेअरं 'डालून' दिली होती. मला वाटलं, काका खूश होतील. काकांनी विंचू दिसावा तसे हात मागे घेतले.

"चोरीचं आहे हे."

"काका, सगळेच वापरतात."

"सगळे वापरतात म्हणून तू पण? ज्यानं बनवलं त्यानं विकायला ठेवलं आहे. घ्यायचं नसेल तर नको घेऊ. चोरतो काहून? देणारे आहेत ना दुनियेत! कोणी घरी बसून बनवते अन् म्हणते, घ्या बाबांनो, वापरा. त्याच्या दारात जायचं सोडून तू याच्या खिडकीतून उडी मारून राहिला."

त्यांनी लॅपटॉप पुसून कोरा केला आणि देणाऱ्यांच्या दारात नेऊन उभा केला. जे सॉफ्टवेअर वापरायचं, त्याच्या कर्त्याला आभाराचं पत्र पाठवायचं, हा त्यांचा नेम. 'रिस्पेक्टेड सर' पासून सुरुवात. त्यांच्या सॉफ्टवेअरने आपण काय काय केलं याची माहिती, मग जबलपूरला आलात तर घरी राहायचं निमंत्रण, भेडाघाटचा धबधबा दाखवण्याच्या आश्वासनासकट. बहुतेकांचं उत्तर येत नसे. एकदा कुठल्याशा बर्फाळ गावातल्या माणसाचं आलं: इतकी वर्षं लोक मला फक्त काय बिघडलं ते कळवतात, तुमचं पत्र मी बायकोला वाचून दाखवलं. काकांनी ते उत्तर छापून घेतलं, आणि आठवडाभर घरी येईल त्याला चहाबरोबर ते ऐकावं लागलं. दूधवाल्यालासुद्धा.

पण माझा राग कशावर आहे ते सांगायचं राहूनच चाललं.

काकांना कामं लवकर उरकण्याचं वेड आहे. एका मोफत साइटवर त्यांनी बोर्ड बनवलेला आहे. त्यावर तीन रकाने: 'करायचं', 'करून राहिलो', 'झालं'. प्रत्येक कामाचं एक छोटं कार्ड, आणि काम सरकेल तसं कार्ड एका रकान्यातून दुसऱ्यात ओढायचं. (हे कार्ड वेगळं. हे मागितलं तर काका उठत नाहीत.) 'गव्हाचं दळण', 'पंख्याला तेल', 'तुळशीची माती'. एके दिवशी 'करून राहिलो' मध्ये मला एक कार्ड दिसलं: 'दिलीप'. दिलीप म्हणजे मी. वर गव्हाचं दळण, खाली पंख्याला तेल, आणि मध्ये मी.

"काका, मी काय काम आहे?"

"सध्या तरी बहोत बडं काम आहे. नोकरी लागली की सरकवतो."

जबलपूरच्याच रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात डिस्पॅच क्लार्कची नोकरी लागली. मुलाखतीत साहेबांनी एक किचकट हिशेब समोर टाकला होता. मी तो फुकटच्या तक्त्यात तिथेच मांडून दिला. मी पेढे घेऊन आलो तर काकांनी पेढा नंतर घेतला, आधी संगणक चालू करून माझं कार्ड ओढत 'झालं' मध्ये नेऊन टाकलं. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "धूळ आहे बे या की-बोर्डवर."

अशा माणसाचा राग येणं कठीण. पण ते आणतात. गणपतीत मराठी मंडळाच्या प्रसादाच्या पाळ्या लावायला त्यांनी ऑनलाइन तक्ता केला आणि तो सगळ्या घरांना पाठवला, सगळ्यांना लिहायची मुभा देऊन. दोन दिवसांत त्याची दशा अशी झाली: मंगळवारच्या चौकोनात 'वैशाली, तुझा डबा माझ्याकडेच आहे'. त्याच्या बाजूला 'निळ्या झाकणाचा का? सावकाश द्या'. बुधवारच्या चौकोनात 'मोदक छान, गूळ जास्त'. त्याखाली 'गूळ बरोबर होता, तुम्हाला शुगर आहे'. प्रसादाची पाळी कुणाचीच नाही.

काका थरथरत होते. "हा तक्ता आहे का नळावरची लाइन? मी इथे मंडळाचा वेळ वाचवून राहिलो, अन् या बाया डब्बे शोधून राहिल्या!"

मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "काका, सोपं आहे. बघायची परवानगी ठेवा, लिहायची काढून घ्या."

"काहून काढू?" काका त्यांच्यावरच उलटले. "लोक लिहून राहिले तर लिहू दे ना!"

गणपतीचं विसर्जन झालं, तक्ता मात्र चालूच राहिला. वैशालीताईंच्या सुनेचं बाळंतपणही त्यातच कळलं. काका रोज सकाळी चहा घेऊन तो तक्ता वाचत आणि पुटपुटत, "काय हा फालतूपणा! आज कोणीच काही लिहिलं नाही."

एकदा मी वैतागून विचारलं, "काका, तुम्ही इतका वेळ वाचवता. दळणाला बोर्ड, औषधांना घंटी, बिलांना आठवण. या वाचलेल्या वेळाचं करता काय?"

माझ्या हातून काही मौल्यवान फुटल्यासारखे ते माझ्याकडे पाहत राहिले. मग रागावून म्हणाले, "तुला काय करायचं आहे? जा, डाळ लाव."

आता रविवारबद्दल सांगतो. खरा संताप तिथेच आहे.

दर रविवारी सकाळी पूजा आटोपून काका निखिलदादाशी व्हिडिओवर बोलतात. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र सुरू झालेली असते. लिंक काकांची, अर्थात फुकटची. फुकटच्या सोयीला एक अट असते: चाळीस मिनिटं झाली की ती आपोआप तुटते. बोलणारा वाक्याच्या मधे असो, घास तोंडाशी असो, पडदा काळा होतो. काका त्यासाठी अख्खा आठवडा तयारी करत. बोर्डावर कार्डं लावत: 'इराची शाळा', 'निखिलचा गुडघा', 'आंब्याला मोहर'. इरा त्यांची नात. तिला मराठी समजते, बोलता येत नाही, म्हणून ती मान हलवते. काका तिला विचारत, "जेवली का?" ती मान हलवे. "काय जेवली?" त्यालाही ती मान हलवे. या मानेवर काका आठवडा काढत. आणि आंब्याच्या मोहरावर आले, की हमखास तुटे.

मागच्या खोलीत मला सगळं ऐकू यायचं. ते अर्ध्यावर तुटणं ऐकून माझाच जीव कासावीस व्हायचा. तुटल्यावर काका लगेच उठत नसत. काळ्या पडद्यासमोर बराच वेळ बसून राहत. मला वाटायचं, संगणकातल्या उघड्या खिडक्या बंद करताहेत. संगणक नीट बंद करण्याबद्दलही त्यांचे कायदे होतेच.

मग निखिलदादाने पैसे भरून मोठा प्लॅन घेतला. वेळेची अट नाही, कितीही बोला. त्याने आनंदाने सांगितलं, "बाबा, पुढच्या रविवारपासून माझ्या लिंकवर या. आता तुटायचं टेन्शन नाही. इरा तुम्हाला तिचा डान्स दाखवणार आहे पूर्ण."

काका उठले. मी दारातून पाहिलं. कुणी कार्ड मागितलं नव्हतं, मागितलंच असेल तर ते दादाकडे मागितलं होतं. पण हे उठले, चष्मा खिशात घातला, आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. पडद्यावर दादा आणि इरा रिकाम्या खुर्चीकडे पाहत.

पुढच्या रविवारी काका ठरल्या वेळी आपल्याच लिंकवर जाऊन बसले. एकटे. मी शर्टाला इस्त्री करत होतो तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा.

"दिलीप, बाबा कुठे आहेत? मी वाट पाहून राहिलो."

"काका तर बसलेत संगणकासमोर. ते म्हणतात, तू आला नाहीस."

"मी माझ्या लिंकवर आहे यार! त्यांना इकडे यायला सांग."

मी पुढच्या खोलीत गेलो. काका म्हणाले, "त्याला सांग, लिंक तीच आहे जी आजपर्यंत होती. यायचं असेल तर तिथे ये."

मी फोनवर सांगितलं. दादाचा पारा चढला. "हद आहे! मी पैसे भरले त्यांच्यासाठी! आज मीही हलत नाही." बाप तसा लेक. एक जबलपूरला आपल्या खोलीचं दार उघडून बसला आहे, दुसरा कॅनडात आपल्या खोलीचं दार उघडून बसला आहे, आणि दोघंही म्हणताहेत की समोरचा आला नाही. मधे मी, हातात गरम इस्त्री.

त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आणि त्याच्याही पुढच्या.

मला तेव्हा भोपाळची नवी नोकरी मिळाली होती आणि मी सामान बांधत होतो. मी गेल्यावर त्या घरात आवाज राहणार होता तो फक्त त्या रविवारच्या कॉलचा, आणि तोच या म्हाताऱ्याने एका फालतू हट्टापायी बंद पाडला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. गावाकडे माझे वडील फोनवर चार वाक्यं बोलायला तीन वेळा गच्चीवर चढतात, तिथे रेंज येते म्हणून. आणि इथे घरबसल्या मुलगा दिसतो, नात दिसते, वेळेची अट नाही, तर हे उठून व्हरांड्यात जातात!

मी गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा काकांवर आवाज चढवला.

"काका, हे काय लावलंय तुम्ही? पैसे तुमचे गेले का? कार्ड तुमचं मागितलं का? चोरीचं आहे का? पोरानं सरळ विकत घेतलं, तुमच्यासाठी घेतलं! कितीही वेळ बोला म्हणतोय तो. इरा नाचून दाखवते म्हणतेय. आणि तुम्हाला तुमचा नियम प्यारा! असा कसला नियम, काका?"

मला वाटलं, आता 'घंटीचं सर्टिफिकेट' निघणार. पण काकांनी माउस हातात घेतला. बोर्डावर 'आंब्याला मोहर' कार्ड अजून पहिल्या रकान्यात होतं. मोहर गळून कैऱ्या धरल्या होत्या. ते कार्ड ते उगाच इकडे-तिकडे करत राहिले.

"आधी आम्ही फोनवर बोलत होतो ना," ते म्हणाले, "तर दर वेळी तो म्हणे, 'अच्छा बाबा, ठेवतो.' दर वेळी तोच म्हणे. मी कधीच नाही म्हटलं. मग मला असं होऊन गेलं, का फोन लागला की मी तेच ऐकायची वाट पाहू. आता म्हणते. आता म्हणते. तो काय बोलून राहिला ते डोक्यातच जात नव्हतं."

मी बाजूच्या स्टुलावर बसलो.

"हे आपोआप तुटते. याच्यात कोणी ठेवत नाही, दिलीप. ना तो, ना मी. मशीन तोडते. मी मशीनला शिव्या देतो, तो पण देतो. तेवढंच दोघांचं एक होते."

"पण काका, तुटल्यावर..."

"तुटल्यावर लिंक चालू राहते. तीच परत दाबली का परत येता येते. अजून चाळीस मिनिटं देते, फुकट आहे तरी. पहिले येत होता. म्हणे, 'बाबा, काय म्हणत होते, मोहराचं?'"

"आणि आता?"

काका उठले. चष्मा खिशात घातला आणि व्हरांड्यात गेले.

पडदा काळा झाल्यावर ते खिडक्या बंद करत नव्हते, एवढं मला त्यांची पाठ पाहून कळलं.

मी दादाला फोन लावला. कारण सांगायचा अधिकार माझा नव्हता आणि सांगितलं असतं तर काकांनी मला जन्मात दारात उभं केलं नसतं. मी फक्त म्हणालो, "दादा, रविवारी तू त्यांच्या लिंकवर जा. काहून ते विचारू नको." माझ्या आवाजात काही असेल, दादाने विचारलं नाही. म्हणाला, "ठीक आहे. पण तूच सांग, हा काही शहाणपणा आहे का?" मला त्याचाही राग आला. हल्ली मला कुणाचाही येतो.

रविवारी तो आला. इराने अर्धाच नाच दाखवला. उरलेल्या अर्ध्याच्या आधी पडदा काळा झाला. काकांनी मशीनला कडक शिवी दिली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाहिलं? ऐन वेळी!" त्यांचा चेहरा उजळला होता. मी चहा ठेवायला आत गेलो. चहा झाला, निवला, तरी ते तिथेच बसून होते. पडद्यावर त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी मी भोपाळची बस धरली. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना मेल लिहिला. त्यांच्याच की-बोर्डवर, त्यांच्याच कायद्यांनी, म्हणजे सुरुवातीला तरी.

विषय: गुरुवारची मीटिंग, आणि बोर्डावरचं माझं कार्ड

काका,

कामाचं आधी. दर गुरुवारी संध्याकाळी, तुमचा देवापुढचा दिवा लावून झाला की, मीटिंग ठेवली आहे. लिंक खाली दिली आहे. ती माझी आहे म्हणून उठू नका. फुकटची आहे, कुणी कार्ड मागितलं नाही. मागितलं असतं तर मीच उठलो असतो.

दुसरं. बोर्डावर तुम्ही मला 'झालं' मध्ये टाकलं आहे. मला परत 'करून राहिलो' मध्ये ओढा. नोकरी लागली हे खरं, पण इथल्या ऑफिसात महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकांना मराठी पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे आणि माझ्या ओळी खोडायला इथे कुणी नाही.

बोलायची कार्डं मी लावून ठेवली आहेत. मेसची डाळ. साहेबांचा महागडा प्रोग्रॅम, ज्यात ते फक्त वाढदिवस लिहून ठेवतात. ऐकून तुमचं रक्त खवळेल. आईने तुमच्यासाठी लोणचं घातलं आहे, ते कसं पाठवायचं. आणि वैशालीताईंनी तक्त्यात विचारलं आहे की चिंचमलातपुरे काका आजकाल काही लिहीत का नाहीत. त्यांनी आडनाव पूर्ण लिहिलं आहे. चौकोन पुरला.

मी मागे विचारलं होतं ना, वाचलेल्या वेळाचं करायचं काय? तुम्ही मला डाळ लावायला पाठवलं होतंत. इथे तुमच्या पद्धतीने कामं लवकर होतात, म्हणून माझ्याकडेही वेळ वाचतो. गुरुवारी तुमच्यासाठी ठेवला आहे तो हाच.

आशा आहे की आपण कुशल असाल. खोडा हवं तर.

एक राहिलं. बोलता बोलता मधेच तुटेल. तुटलं की उठू नका, काका. त्याच लिंकवर मी परत येतो.

तुमचा,
दिलीप